चाकांवरचा माळा

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन गरजा होत, असें आपण शाळेंत पाठ करतों. परंतु दुसऱ्या गरजेच्या साहित्यांतूनच तिसरी भागविण्याची युक्ति ज्या कोणास प्रथम सुचली, त्याच्या बुद्धीचें मला फार कौतुक वाटतें. एकच कापड, तें अंगाभोंवतीं गुंडाळलें कीं वस्त्र, आणि चार काठ्यांवर ताणलें कीं घर! शिवाय हें घर असें, कीं सकाळीं घडी घालून काखोटीस मारतां येतें. दगडामातीच्या घरांत आपण राहतों. कापडाचें घर आपल्याबरोबर राहतें.

अशा एका घराच्या निवडीचा प्रश्न गेले आठ महिने आमच्या कुटुंबांत मुक्कामास आहे. मी महाविद्यालयांत इंग्रजी शिकवितों. सेवानिवृत्तीस तीन-चार वर्षें उरलीं आहेत. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यांतील हट्टा हें माझें गांव. येथें वडिलांनीं बांधलेलें माळवदाचें घर आहे, थोडी जमीन आहे, आणि अंगणांत एक चारचाकी उभी असते. "बाबा, आयुष्यभर पुस्तकांतून जग पाहिलंत, आतां गाडीच्या खिडकींतून पाहा," असें पुण्यास नोकरी करणाऱ्या आमच्या चिरंजीवांनीं सांगितलें, आणि त्या खिडकीच्याहि वर, म्हणजे गाडीच्या टपावर, एक राहुटी बसवून देण्याची तयारी दर्शविली. किंमत लाखाच्या आगेमागें. दिवसा ती एक मिटलेली पेटी. मुक्काम आला कीं पेटी उघडावी, शिडी लावावी आणि वर जाऊन निजावें, असा तो थाट.

ही कल्पना ऐकून शेजाऱ्यांस नवल वाटलें. मला तितकेंसें वाटलें नाहीं. मराठवाड्याच्या माणसास छपरावर निजणें नवीन नाहीं. चैत्र-वैशाखांत आमच्याकडे घराच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत दिवसाचें ऊन परत देत असतात. तेव्हां अंथरुणें माळवदावर जातात. टपावरच्या राहुटीचा खरा पूर्वज तर ज्वारीच्या शेतांतच उभा असे. चार मेढी रोवून, त्यांवर आडवीं लांकडें टाकून, वर कडब्याची सांवली केली कीं माळा तयार होई. कणसांत दाणा भरूं लागला कीं राखणदार गोफण घेऊन त्यावर चढे. दिवसा पाखरें हांकी, रात्रीं डुकरांवर ओरडे. तो उंचावर निजे तें हौसेनें नव्हे. उंचावरून दृष्टि लांब पोंचते, जमिनीची ओल लागत नाहीं, आणि अंधारांत सरपटणारे जीव खालच्या खालीं निघून जातात. आजचे विक्रेतेहि हींच तीन कारणें सांगतात. फरक एवढाच, कीं त्या माळ्यास चाकें नव्हतीं. त्याचें ओझें जमीन वाही, आणि जमिनीस कोणी विचारीत नाहीं. चाकांवरच्या माळ्याचें ओझें गाडी वाहणार. तेव्हां तिला विचारल्यावांचून गत्यंतर नाहीं.

गाडीस विचारावयाचें म्हणजे तिच्याबरोबर मिळालेली पुस्तिका उघडावयाची. मला वाटतें, आपल्या देशांत घरोघर असून कोणीहि न वाचलेला असा दुसरा ग्रंथ नसेल. तींत कोठें तरी बारीक अक्षरांत टपावर किती भार चालेल, तें दिलेलें असतें. कित्येक घरगुती गाड्यांस ५० किलो, कांहींस ७५, दणकट बांध्याच्या थोड्या गाड्यांस १००. आमच्या गाडीचा अंक ७५ निघाला. आतां दोघांसाठीं म्हणून विकल्या जाणाऱ्या राहुट्या साधारणपणें ४५ पासून ८० किलोंपर्यंत भरतात. चिरंजीवांच्या मनांत जी भरली होती, तिचें वजन ७० किलो. तिला आधार म्हणून टपावर ज्या दोन आडव्या दांड्या बसवाव्या लागतात, त्यांचे ६ किलो. बेरीज ७६. म्हणजे उशीचा अभ्राहि वर न ठेवतां गाडीची मर्यादा ओलांडली गेली! शिवाय या दांड्यांचीहि स्वतःची अशी एक मर्यादा असते. गाडीचा अंक आणि दांड्यांचा अंक यांत जो लहान, तो खरा मानावा.

येथें प्रत्येक सुज्ञ मनुष्य एक शंका काढतो. "सत्तर किलोंची राहुटी जर जड होते, तर रात्रीं तींत दोन माणसें निजल्यावर टप खालीं येणार नाहीं काय?" शंका रास्त आहे, पण तिचें उत्तर सोपें आहे. पुस्तिकेंतील अंक धांवत्या गाडीचा असतो. गाडी उभी असतांना वरचा भार तिच्या खांबांवाटे सरळ खालीं चाकांवर उतरतो, आणि तो पेलण्याची तिची शक्ति त्या अंकाच्या कित्येक पट असते. ती नेमकी किती, हें गाडीच्या व राहुटीच्या कारखानदारास विचारून घ्यावें. गाडी धांवूं लागली कीं तोच भार खोडकर होतो. करकचून थांबविलें कीं तो पुढें जाऊं पाहतो, वळणावर बाहेर ओढतो, आणि खड्ड्यांत आपटला कीं क्षणभर आपल्या वजनाच्या कितीतरी अधिक जोर करतो. आमचे जुने गाडीवान हें शास्त्र न शिकतां जाणत. बैलगाडींत मागें ओझें जास्त झालें कीं ती उलार होते, पुढें झालें कीं बैलांच्या मानेवर येतें. म्हणून पोतीं मागेंपुढें सरकवून, जूं एकदां हातानें उचलून पाहूनच ते गाडी जुंपीत. मोटारीस उलार होण्याचें भय कमी; तिला भय आहे तें डोईजड होण्याचें. वजन जितकें वर, तितकी वळणावर कलण्याची तिची प्रवृत्ति अधिक.

एवढा हिशेब झाला म्हणजे मग राहुटीच्या जातीकुळीकडे पाहावें. कापडी घरांच्या नांवांची आपल्या भाषेस वाण नाहीं. तंबू, डेरा, राहुटी, पाल, छोलदारी, शामियाना. यांतील प्रत्येकाचा मानकरी निराळा. डेरा सरदाराचा, राहुटी शिपायाची, पाल भटक्याचें. ज्यास मध्यें खांब नाहीं, त्या तंबूस फारसींतून आलेलें बेचोबा असें नांव होतें. टपावरच्या राहुट्या या अर्थानें साऱ्या बेचोबाच. त्यांचें कापड बिजागऱ्यांवर फिरणाऱ्या कमानी किंवा दाबलेल्या वायूचे दांडे ताणून धरतात. त्यांत मुख्य भेद दोन. एक कठीण कवचाची. हिचें झांकण उचललें कीं मिनिटा-दोन मिनिटांत बिछाना तयार. मिटलेली असतांना वाऱ्यास अडथळाहि कमी. परंतु ती जड, महाग, आणि निजावयास जागा टपाएवढीच. दुसरी घडीची. हिच्यावर कापडी खोळ असते. उलगडण्यास दहा-एक मिनिटें लागतात. पण उलगडली कीं तिचा निम्मा भाग गाडीच्या बाहेर पसरतो, आणि खालीं आपोआप एक ओसरी तयार होते. मात्र हा बाहेर आलेला भाग ज्या शिडीवर टेकतो, ती शिडी भक्कम हवी, आणि तिच्या पायाखालीं जमीनहि भक्कम हवी. आमच्या काळ्या रानांत पाऊस होऊन गेल्यावर शिडीखालीं एखादी फरशी ठेवणें इष्ट.

कापडाची परीक्षा दुकानांत बोटांनीं चुरगळून होत नाहीं. कापड पाण्यास किती दाद देतें, हें त्यावर पाण्याचा उभा स्तंभ धरून मोजतात. २००० ते ३००० मिलिमीटरांचा स्तंभ जें सोसतें, तें आपल्याकडील पावसास बहुधा पुरे पडतें. वजन दर चौरस मीटरास २८० ते ३२० ग्रॅम असें सुती-मिश्र कापड मला पसंत पडलें. सुताचा गुण असा, कीं ओला झाला म्हणजे त्याचा तंतु फुगतो आणि विणीचीं छिद्रें मिटतात. कोरडा झाला म्हणजे तीं पुन्हां उघडून आंतील दमट हवा बाहेर जाऊं देतात. हा दुसरा गुण पहिल्याहून महत्त्वाचा आहे. दोन माणसांच्या श्वासावाटे रात्रभरांत सुमारें अर्धा लिटर पाणी बाहेर पडतें, आणि थंडींत तें छताच्या आंतल्या बाजूस जमून पहांटे त्याच माणसांच्या तोंडावर ठिबकतें. मग तीं माणसें राहुटी गळते म्हणून दुकानदारास दोष देतात! यास्तव समोरासमोर दोन खिडक्या, आणि गादीखालीं हवा खेळेल अशी जाळी, एवढें पाहून घ्यावें. पावसांत मिटलेली राहुटी घरीं येतांच उघडून वाळवावी, हेंहि न विसरावें. ओलें धान्य पोत्यांत भरलें तर काय होतें, हें ज्यास ठाऊक आहे त्यास याहून अधिक सांगण्याची गरज नाहीं.

या सोयीस्कर घराची एक मोठी गैरसोय आहे, आणि ती कोणत्याच माहितीपत्रकांत दिसत नाहीं. राहुटी उघडली कीं गाडी अडकली. सकाळीं कोपऱ्यावरून दूध आणावयाचें झालें तरी सारें घर मिटवून बरोबर न्यावें लागतें. मोगल बादशहांनीं यावर तोडगा काढला होता. औरंगजेब १६६४ च्या अखेरीस दिल्लीहून निघून पुढें काश्मिरास गेला, तेव्हां बर्निए नांवाचा फ्रेंच वैद्य त्या लवाजम्याबरोबर होता. तो लिहितो, कीं बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एकांत स्वारी मुक्काम करी, आणि दुसरा, म्हणजे पेशखाना, एक मजल पुढें जाऊन उभा राही. या पेशखान्यास साठांहून अधिक हत्ती आणि दोनशें उंट लागत. ज्याच्या पदरीं एकच गाडी आहे, त्यानें मुक्काम बदलता ठेवावा. एका जागीं चार दिवस राहावयाचें असेल, तर जमिनीवरचा साधा तंबूच बरा.

मोटारीच्या टपावर राहुटी चढविण्याची कल्पना इटलींत १९५८ च्या सुमारास बाजारांत आली. परंतु मला अधिक जवळचें वाटतें तें पूर्व जर्मनीचें उदाहरण. तेथें ट्राबांट नांवाची एक चिमुकली गाडी मिळे. तिचा बाहेरचा पत्रा लोखंडाचा नसून कापसाचे टाकाऊ तंतु राळेंत दाबून केलेला होता. १९७० नंतरच्या दशकांत तेथील लोकांनीं असल्या गाडीच्या टपावरहि राहुटी बसविली, आणि सुटींत समुद्रकांठीं नेऊन तींत ते राहूं लागले. थोरली गाडी नाहीं म्हणून त्यांनीं हौस सोडली नाहीं. हौसेचें वजन मात्र उतरविलें. निवडीचें मर्म मला येथें दिसतें. ओझें किती असावें, याचा निर्णय तें हवें असणाऱ्यानें करावयाचा नसून तें वाहणाऱ्यास विचारून करावयाचा असतो.

हें मर्म ज्यांस कोणी शिकवावें लागत नाहीं, असे लोक दरवर्षीं आमच्या रस्त्यांवरून जातात. दिवाळी झाली कीं वसमतच्या पूर्णा कारखान्याकडे आणि आसपासच्या इतर कारखान्यांकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बैलगाडींत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत सारा संसार असतो: पत्र्याची एक पेटी, तवा, परात, पाण्याची घागर, गोधड्या, आणि त्यांवर बसविलेलीं मुलें. उसाच्या फडाजवळ चार बांबू आणि पाचट किंवा ताडपत्री यांची कोपी उभी राहते, आणि हंगाम संपला कीं ती मोडून टोळी परत फिरते. मी हौसेखातर ज्या घराचे गुण-दोष आठ महिने तोलतों आहें, तसल्या घरांत हीं माणसें पोटाखातर पांच-सहा महिने काढतात. या दोन्ही राहण्यांस एकाच नांवानें संबोधण्याचें धैर्य मला होत नाहीं. परंतु भरलेल्या त्या गाडीकडे पाहतांना मीं एक गोष्ट मनाशीं टिपून ठेविली आहे: तींत अशी एकहि वस्तु नसते, कीं जिचा उपयोग रोज होत नाहीं. ज्याच्या बैलांस ओझें ओढावयाचें आहे, त्याची यादी लहान असते.

येथपर्यंतचा हिशेब गाडीचा झाला. वाहणारें आणखी एक होतें, आणि त्यास विचारणें राहिलें होतें. आमच्या सौभाग्यवतींनीं या आठ महिन्यांत कापड, कवच, किंमत यांपैकीं कशाचीहि चौकशी केली नव्हती. त्यांचा एकच प्रश्न असे: "शिडी किती पायऱ्यांची?" गेलीं चार वर्षें त्यांचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनीं मांडी घालून बसण्याची मनाई केली आहे. रात्रीं दोनदां तरी उठावें लागतें. चिरंजीवांनीं फोनवरून सुचविलें, कीं आईनें खालीं गाडींतच निजावें. हल्लींच्या गाड्यांचीं आसनें चांगलीं आडवीं होतात. त्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "एकतीस वर्षं एका छपराखालीं काढलीं. आतां एकानं छपरावर नि एकानं छपराखालीं, ही कसली सहल?"

त्यानंतर त्यांनीं आपली परीक्षा आपणच घेतली. आमच्या माळवदास जुनी बांबूची शिडी आहे. पंधरा दिवस रोज संध्याकाळीं त्या तीवरून वर जाऊन येत, आणि मी खालीं शिडी धरून उभा राहीं. पंधराव्या दिवशीं त्यांनीं निकाल दिला. "चढायला कांहीं नाहीं. उतरतांना पहिली पायरी पायाला सांपडत नाहीं, आणि गोल दांडी तळव्याला लागते. वर धरायला कांहीं असलं नि पायरी चपटी असली, तर मी येईन." कोणत्याहि विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षां हीं तीन वाक्यें अधिक उपयोगी ठरलीं. शिडीचा पाय भिंतीपासून तिच्या उंचीच्या सुमारें चतुर्थांश अंतरावर असावा, असा नियम आहे. त्याहून उभी शिडी मागें लोटते, आणि त्याहून आडवी घसरते. मग आम्ही ज्या ज्या दुकानीं गेलों, तेथें सौभाग्यवती पहिल्यानें शिडी लावावयास सांगत. एका गृहस्थांनीं कापडाच्या थोरवीवर पाव तास व्याख्यान दिलें. तें संपेपर्यंत त्या दोनदां वर जाऊन खालीं आल्या होत्या, आणि दाराशीं उभ्या राहून माझी वाट पाहत होत्या.

शेवटीं निवड झाली ती घडीच्या, ४८ किलोंच्या राहुटीची. तिच्या शिडीच्या पायऱ्या चपट्या व रुंद आहेत, दाराशीं धरावयास पट्टा आहे, आणि दार कुशीच्या बाजूस असल्यामुळें दुसऱ्यास न उठवितां खालीं उतरतां येतें. दांड्यांसह भार ५४ किलो. गाडीच्या मर्यादेंत २१ किलो शिल्लक. वापराचेहि नियम आम्हीं ठरवून टाकले आहेत. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतच बाहेर पडावयाचें. उन्हाळ्यांत कापडाखालीं भाजून घेण्यांत पुरुषार्थ नाहीं. बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर पुन्हां आवळावयाचे. वाहनतळाच्या कमानीवर लिहिलेली उंची वाचल्यावांचून आंत शिरावयाचें नाहीं. मालकास विचारल्यावांचून कोणाच्या रानांत मुक्काम नाहीं. आंत स्टोव्ह, शेगडी, उदबत्ती कांहीं पेटवावयाचें नाहीं. कारण कापड पेट घेतें, आणि बंद जागेंतील कोळशाचा धूर न दिसतां जीव घेतो. शिवाजी महाराजांनीं १६७० नंतरच्या दशकांत चिपळूणच्या छावणीस पाठविलेल्या पत्रांत, रात्रीं दिवा तसाच जळत ठेवूं नये, उंदीर वात पळवून गवताच्या गंजीस आग लावतील, अशी ताकीद दिलेली आहे. एवढ्या मोठ्या राजास उंदराचीहि आठवण राहिली, तर आम्हांस शेगडीची राहावयास हरकत नाहीं. गाडीच्या मूळ नोंदींत फरक पडेल असा बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आड येतें; म्हणून राहुटी बसविण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारून घेण्याचेंहि ठरलें आहे.

पहिला मुक्काम कार्तिकांत हट्ट्याच्या आमच्याच शेतांत व्हावयाचा आहे. कांहीं विसरलें तर घर हांकेच्या अंतरावर. तेथें ठीक जमलें तर मग लोणार, आणि त्यापुढें जिकडे रस्ता नेईल तिकडे. सौभाग्यवतींनीं न्यावयाच्या वस्तूंची यादी करून ती काट्यावर तोलली, आणि २१ किलोंत चोख बसवून दाखविली. ती वाचतांना माझ्या ध्यानांत आलें, कीं मीं बाजूस काढून ठेवलेले इंग्रजी कवितेचे दोन जाड ग्रंथ तींत कोठेंच नाहींत. याचें कारण मीं विचारलें, तेव्हां त्यांनीं काट्यावरून मान वर न करतां सांगितलें, "तें गाडीला विचारा."